मोती, तेल आणि कसब
समुद्रातले मोती ही एके काळी बहरीनची मोठी कमाई. जपानच्या कल्चर मोत्यांनी तो धंदा बसवला. १९३२ साली तेल लागले. पण विहिरीला तळ असतो, हे या बेटाने ओळखले. १९७१ साली अ‍ॅल्युमिनियमचा कारखाना सुरू झाला. २००६ साली ‘तमकीन’ ही संस्था निघाली. परदेशी कामगारांमागे मालकांकडून २००८ पासून शुल्क घेतले जाऊ लागले. त्यातला मोठा वाटा तिच्यामार्फत स्थानिक तरुणांच्या प्रशिक्षणाकडे वळला. त्याच वर्षी तिथे पॉलिटेक्निकही स्थापन झाले.

वाचकहो, बेटावर जमीन थोडी, खनिज मोजके. तेव्हा मुलगा कुठे नोकरीला लागला हे विचारण्याआधी, त्याच्या हाती कोणते कसब आहे, हे आपण घरोघरी विचारू या.