घड्याळाचा काटा आणि सूर्याची चाल

येरमाळ्याच्या एखाद्या घरातला मुलगा लंडनला नोकरीस असला, की घरच्यांच्या ध्यानात एक गंमत येते. हिवाळ्यात आपल्याकडे सकाळचे साडेदहा वाजतात, तेव्हा तिथे पहाटेचे पाच असतात. मार्चचा शेवटचा रविवार उलटला, की त्याच वेळी तिथे सहा वाजलेले! हा तास आला कुठून?

तो कुठून आला नाही. त्या रविवारी रात्री एकच्या ठोक्याला तिकडची माणसे घड्याळ दोनवर नेतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा तासभर मागे घेतात. तिकडे जूनमध्ये दिवस साडेसोळा तासांचा असतो. घड्याळ हलवले नाही, तर लंडनला पावणेचारलाच उजाडेल. पण गाव झोपलेले! तो वाया जाणारा उजेड संध्याकाळच्या पदरात टाकायचा, एवढाच हा खटाटोप. विल्यम विलेट या लंडनच्या गृहस्थाने 1907 साली तो सुचवला. पहिल्या महायुद्धात कोळसा वाचवावा म्हणून 1916 च्या एप्रिलअखेर जर्मनीने तो अंमलात आणला, आणि तीनच आठवड्यांनी ब्रिटननेही.

कुणी म्हणेल, ही सोय शेतकऱ्यांसाठी असेल. उलट आहे. अमेरिकेत 1918 साली हा कायदा झाला, तेव्हा शेतकऱ्यांनीच कडाडून विरोध केला आणि 1919 साली तो रद्द करवला. गाईला घड्याळ कळत नाही. दवाने भिजलेले गवत सरकारी हुकुमाने वाळत नाही. 'दिवस कासराभर वर आला' हे ज्याचे घड्याळ, त्याला काटा फिरवून काय मिळणार? पुढे शहरांच्या सोयीसाठी ती पद्धत अमेरिकेत परत आली, ती आजही आहे.

आपल्याकडेही हे घडून गेले आहे. दुसऱ्या महायुद्धात, 1942 च्या सप्टेंबरपासून 1945 च्या ऑक्टोबरपर्यंत, हिंदुस्थानची प्रमाणवेळ तासभर पुढे होती. उन्हाळ्यापुरती नव्हे, बारा महिने. युद्ध संपले आणि काटे परत आले.

मुळात प्रमाणवेळ हीच एक तडजोड आहे. 1 जानेवारी 1906 पासून साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची, म्हणजे मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेची वेळ देशाला लागू झाली. मुंबईची स्वतःची वेळ तिच्यापेक्षा 39 मिनिटांनी मागे. मुंबईकरांना हा बदल रुचला नाही. गिरणी कामगारांनी त्याच महिन्यात दंगाही केला. कामगाराचा मुद्दा साधा होता. घड्याळ पुढे सरकले, तर अंधारातच उठून कामाला लागायचे. मुंबई महापालिकेने तर आपली जुनी वेळ 1955 पर्यंत सोडली नाही.

आता आपला हिशेब करू. येरमाळा जवळजवळ 76 अंश रेखांशावर आहे. मिर्झापूरच्या रेषेपासून अंतर साडेसहा अंशांचे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. म्हणजे आपला सूर्य घड्याळापेक्षा सुमारे 26 मिनिटे उशिराने डोक्यावर येतो. त्यात आणखी एक तास घातला, तर हिवाळ्यात सूर्य उगवायला आठ वाजतील, आणि पोरे अंधारात शाळेची वाट धरतील.

शिवाय वाचवायला आपल्याकडे उजेड तरी कितीसा आहे? येरमाळ्याचा मोठ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा, लहानात लहान अकरा तासांचा. फरक फार तर सव्वादोन तासांचा. लंडनला तोच पावणेनऊ तासांचा असतो. आपल्याला वाचवायचे असते ते ऊन. म्हणून चैत्रात, येडेश्वरीची यात्रा जवळ आली, की आपण घड्याळाला हात न लावता शाळा सकाळची करतो. विलायतेत घड्याळ हलते, आपल्याकडे शाळेची घंटा हलते.

गुरुजींनी हे मुलांना प्रत्यक्ष दाखवावे. डिसेंबरच्या चौथ्या आठवड्यात मैदानात एक काठी सरळ उभी रोवा. बारापासून पाऊणपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडा ठेवा. सावली सर्वांत आखूड होईल ती साडेबाराच्या चार-पाच मिनिटे आधी, बाराला नव्हे. त्या वेळी सावली नेमकी उत्तरेला असेल. मग मुलांना विचारा, घड्याळ आणि सूर्य यांत ही तफावत का?