'अष्टपैलू' हे विशेषण की निष्कर्ष? ॲलेक गिनेस यांच्या निमित्ताने

संशोधनाचा पहिला आराखडा मी गाइडना दाखवला, तेव्हा त्यातल्या प्रत्येक विशेषणाखाली लाल रेघ आली होती. 'महत्त्वपूर्ण', 'व्यापक', 'उल्लेखनीय'... शेजारी एकच प्रश्न : कशावरून? आज तोच प्रश्न एका नटाला लावून बघू.

ब्रिटिश अभिनेते ॲलेक गिनेस (१९१४–२०००) यांच्याबद्दल कुठेही वाचा, 'अष्टपैलू' हा शब्द भेटतोच. कशावरून? जाहिरात कंपनीत मजकूर लिहिणारा हा मुलगा रंगभूमीवर आला. १९३८ साली ओल्ड व्हिकमध्ये आधुनिक पोशाखातला हॅम्लेट त्यांनी केला. १९४९ च्या 'काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स'मध्ये एकाच घराण्यातली आठ माणसं साकारली, त्यात एक बाईसुद्धा! १९५७ च्या 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय'मधल्या ताठर कर्नलसाठी ऑस्कर मिळालं. १९७७ मध्ये 'स्टार वॉर्स'मधले ओबी-वान केनोबीही तेच.

पुरावा भक्कम वाटतो ना? पण थांबा. ही फक्त यशाची यादी आहे. आपल्या म्हणण्याला सोयीचा तेवढाच डेटा आपण उचलला. आता उरलेला बघू.

१९५१ साली त्यांनी लंडनमध्ये पुन्हा हॅम्लेट केला, दिग्दर्शनातही त्यांचा हात होता. नाटक सपशेल पडलं. 'ऑलिव्हर ट्विस्ट'मधला त्यांचा फेगिन रंगभूषेचा कमाल नमुना, पण ते मोठं नाक ज्यूंची कुचेष्टा करतं असा आक्षेप आला आणि अमेरिकेत तो चित्रपट १९५१ मध्ये काटछाट होऊनच लागला.

आणि तिसरं उदाहरण तर आपल्या घरचं. १९८४ च्या 'अ पॅसेज टू इंडिया'मध्ये प्रोफेसर गोडबोले झाले गिनेस! आडनाव अस्सल मराठी, चेहरा रंगवलेला. त्याच चित्रपटात व्हिक्टर बॅनर्जी, सईद जाफरी, रोशन सेठ होते. म्हणजे भारतीय नट मिळत नव्हते असं नाही. या निवडीवर टीका झाली, आणि पाहताना ती मला तरी पटते.

याउलट १९७९ ची बीबीसी मालिका 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय' घ्या. जॉर्ज स्मायली या गुप्तहेराच्या भूमिकेआधी गिनेस ब्रिटिश गुप्तचर खात्याचे माजी प्रमुख मॉरिस ओल्डफिल्ड यांच्यासोबत जेवायला बसले. लेखक जॉन ल कॅरे यांनीच ती भेट घडवली होती. गिनेस यांनी त्या माणसाच्या लकबी न्याहाळल्या. पडद्यावर ना खोटं नाक, ना रंग. चष्मा, शांतता आणि ऐकणारा चेहरा, बस्स. माझ्या मते हे त्यांचं सर्वोत्तम काम.

मग निष्कर्ष काय? 'अष्टपैलू' चूक नाही, पण ढोबळ आहे. तीन-चार उदाहरणांवर नियम मांडता येत नाही. मात्र गृहीतक मांडता येतं : गिनेस यांची ताकद रूप बदलण्यापेक्षा निरीक्षणात जास्त होती. हे तपासता येतं, खोडताही येतं. विशेषणाचं तसं नसतं.

तुमचा आराखडा उघडा. एक विशेषण शोधा. समोर लिहा, 'कशावरून?' उत्तरात फक्त सोयीची उदाहरणं आली, तर तुमचा गोडबोले अजून सापडायचाय.