लहान मनगट आणि डायव्हर घड्याळ: गैरसमज आणि वस्तुस्थिती

डायव्हर घड्याळ म्हटलं की जाडजूड स्टीलची केस, डायलभोवती फिरणारी बेझल, ठसठशीत काटे आणि रुंद पट्टा डोळ्यांसमोर येतो. ज्यांच्या मनगटाचा घेर पंधरा-सोळा सेंटिमीटर आहे, त्यांना दुकानात हमखास ऐकायला मिळतं, "हे तुमच्या हाताला मोठं होईल." मग काहीजण नाद सोडतात, काहीजण हौसेपायी हातभर मोठं घड्याळ घेतात आणि महिनाभरात ते कपाटात पडतं. दोन्ही टाळता येतं, आणि त्यासाठी खिसा रिकामा करावा लागत नाही. अडचण मनगटात नसते. बहुतेक वेळा आपण चुकीचा आकडा बघत असतो. म्हणून या घड्याळांबद्दल सर्रास ऐकू येणाऱ्या गोष्टी एकेक करून तपासून बघू.

गैरसमज १: डायव्हर घड्याळ मोठंच असावं लागतं.

वस्तुस्थिती: आधुनिक डायव्हर घड्याळाचा जन्म १९५३च्या सुमाराचा. रोलेक्स सबमरिनरच्या सुरुवातीच्या आवृत्त्या ३७-३८ मिलिमीटरच्या होत्या. जपानचं पहिलं डायव्हर घड्याळ सीकोने १९६५मध्ये काढलं. आज ते ६२मास या नावाने ओळखलं जातं. तेही साधारण तेवढंच होतं आणि दीडशे मीटरसाठी बनवलेलं होतं. सबमरिनरची मुख्य आवृत्ती तर १९५९पासून २०२०पर्यंत ४० मिलिमीटरवरच राहिली. चव्वेचाळीस-पंचेचाळीस मिलिमीटरची घड्याळं सर्वसामान्यांच्या हातावर आली ती प्रामुख्याने नव्वदच्या दशकानंतर, फॅशन म्हणून. पाण्याची ती मागणी नव्हती.

पाण्याची खरी मागणी आहे ती वेळ स्पष्ट दिसण्याची. डायव्हर घड्याळांच्या आंतरराष्ट्रीय मानकात अट अशी आहे की अंधारात २५ सेंटिमीटरवरून वेळ वाचता आली पाहिजे. ही अट पूर्ण होते ती काट्यांच्या आकाराने, खुणांच्या ठळकपणाने आणि त्यांवरच्या चमकणाऱ्या रंगाने. ३८ मिलिमीटरच्या डायलवर हे सगळं नीट मावतं. तेव्हा "एवढं छोटं म्हणजे लेडीज घड्याळ" असं कुणी म्हटलं तर ते मनावर घेऊ नका. ज्या मापाची घड्याळं घालून डायव्हर मंडळी समुद्रात उतरत होती, तेच हे माप आहे.

गैरसमज २: व्यास बघितला की माप कळलं.

वस्तुस्थिती: लहान मनगटासाठी व्यासापेक्षा महत्त्वाचा आकडा आहे लग-टू-लग. पट्टा ज्यांत अडकतो त्या केसच्या चार टोकांना लग म्हणतात. वरच्या लगच्या टोकापासून खालच्या लगच्या टोकापर्यंतचं अंतर म्हणजे लग-टू-लग. घड्याळ मनगटाबाहेर डोकावतं ते इथून.

सीकोचीच उदाहरणं घ्या. 'मिनी टर्टल' या घड्याळाचा व्यास ४२ मिलिमीटरच्या थोडा वर आहे, पण लग-टू-लग जेमतेम ४३. एसकेएक्स००७चा व्यास जवळपास तेवढाच, पण त्याचं लग-टू-लग ४६च्या आसपास. म्हणजे व्यास जवळपास सारखा असूनही हातावरची लांबी तीन मिलिमीटरने वेगळी. लहान मनगटावर हे तीन मिलिमीटर सहज जाणवतात.

आपलं माप घ्यायला एक साधी पट्टी पुरते. तळहात खाली करून हात टेबलावर ठेवा. घड्याळ जिथे बसतं तिथे पट्टी आडवी धरा. मनगटाच्या दोन्ही कडा जिथे खाली वळायला लागतात, त्यामधला सपाट भाग मोजा. समजा तो ४८ मिलिमीटर भरला, तर ४६पर्यंतचं लग-टू-लग आरामात बसेल, ४८चं अगदी काठावर येईल आणि ५०चं दोन्हीकडे लटकेल. सारखाच घेर असलेल्या दोन माणसांत एकाचं मनगट चपटं असतं तर दुसऱ्याचं गोलसर, त्यामुळे नुसता घेर मोजून भागत नाही.

आणखी दोन गोष्टी डोळ्यांनी तपासा. लग खाली वळलेले असतील तर घड्याळ हाताला धरून बसतं, सरळ असतील तर टोकं हवेत राहतात. स्टीलच्या पट्ट्याची पहिली कडी काही वेळा लगच्याही पुढे येऊन मग खाली वळते. अशा वेळी कागदावर ४६ असलेलं माप हातावर पन्नाशीला टेकतं.

गैरसमज ३: ३० मीटर लिहिलंय म्हणजे ३० मीटर खोल जाता येतं. पोहताना हात जोरात हलला की मात्र पाणी शिरतं.

वस्तुस्थिती: दोन्ही विधानं चुकीची आहेत. डायलवरचे मीटर म्हणजे प्रयोगशाळेत स्थिर पाण्याचा किती दाब दिला त्याचं माप. दर दहा मीटरला साधारण एक बार दाब वाढतो, म्हणून ३० मीटर म्हणजे ३ बार. अशी घड्याळं हात धुताना किंवा पावसात उडणाऱ्या पाण्यापुरती आहेत, असं बहुतेक उत्पादक स्वतःच सांगतात. पोहण्यासाठी १०० मीटर आणि स्कूबासाठी २०० मीटर हा सुरक्षित हिशेब.

पण त्याचं कारण हाताचा वेग नव्हे. हात पाण्यात सेकंदाला ५ मीटर, म्हणजे ताशी १८ किलोमीटर वेगाने फिरला असं धरू. पाण्याची घनता गुणिले वेगाचा वर्ग, त्याच्या निम्मे केले की वाढीव दाब मिळतो: सुमारे १२,५०० पास्कल, म्हणजे एका बारचा आठवा हिस्सा. सव्वा मीटर पाण्याखाली गेल्यावर वाढतो तेवढाच हा दाब. साध्या घड्याळांत पाणी शिरतं ते बहुतेकदा जुनाट झालेल्या रबरी रिंगमधून, अर्धवट दाबलेल्या किल्लीतून किंवा सैल बसलेल्या मागच्या झाकणातून.

हौशी डायव्हिंगची मर्यादा किती, तेही बघा. डायव्हिंग शिकवणाऱ्या पाडी संस्थेच्या प्राथमिक ओपन वॉटर प्रमाणपत्रावर १८ मीटरपर्यंत जाता येतं आणि हौशी डायव्हिंगची कमाल मर्यादा ४० मीटर मानली जाते. तारकर्ली-मालवणला पर्यटकांना मार्गदर्शकासोबत जी पहिली डुबकी मिळते, ती तर मोजक्या मीटरची असते. तेव्हा ५०० किंवा १००० मीटरच्या घड्याळासाठी जास्त पैसे आणि जास्त जाडी पत्करण्याचं कारण नाही. त्या खोलीसाठी केस आणि काच जाड करावी लागते, आणि लहान मनगटाला नेमकं तेच नको असतं.

गैरसमज ४: बेझल फिरते आणि २०० मीटर लिहिलंय, म्हणजे ते डायव्हर घड्याळच.

वस्तुस्थिती: डायव्हर घड्याळासाठी आयएसओ ६४२५ हे मानक आहे. त्यात किमान १०० मीटरची क्षमता लागते. नमुन्यादाखल चार घड्याळं तपासून चालत नाही, प्रत्येक घड्याळाची पाण्यातली चाचणी व्हावी लागते, तीही लिहिलेल्या खोलीपेक्षा २५ टक्के जास्त दाबावर. म्हणजे २०० मीटरच्या घड्याळाला २५० मीटरचा दाब सोसावा लागतो. शिवाय खारं पाणी, धक्का, चुंबकत्व, तापमानातला अचानक बदल आणि पट्ट्याची मजबुती याही चाचण्या असतात. हे सगळं पार केलेल्या घड्याळावर खोलीच्या आकड्यासोबत 'डायव्हर्स' हा शब्द येतो. नुसतं 'वॉटर रेझिस्टंट' लिहिलं असेल तर तो दावा वेगळा.

बेझल चुकून फिरू नये, हीसुद्धा मानकाची अट आहे. त्यासाठी ती बहुधा एकाच दिशेने फिरते. पाण्यात घालवलेला वेळ तिच्यावरूनच मोजतात; खडकाला आपटून ती सरकलीच, तर तो वेळ प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतो आणि डायव्हर लवकर वर येतो. चूक झालीच तरी ती जिवावर बेतत नाही.

सीकोने २०१९मध्ये एसकेएक्स बंद करून त्याच तोंडवळ्याची सीको ५ स्पोर्ट्स मालिका आणली. ती दिसते तशीच, पण क्षमता १०० मीटर आणि किल्ली स्क्रूने बंद होणारी नाही. पोहायला ती चांगली, स्कूबासाठी नाही. ओरिएंटच्या माकोवर २०० मीटर लिहिलेलं असतं, पण 'डायव्हर्स' शब्द नसतो. घड्याळ दणकट आहे, फक्त आपण काय घेतोय हे माहीत असावं. 'फर्स्ट कॉपी'च्या बाजारात मिळणाऱ्या घड्याळावर मात्र काहीही छापलेलं असू शकतं. त्यामागे कोणतीही चाचणी नसते, म्हणून ते पाण्यात नेऊच नका.

गैरसमज ५: स्वस्त घड्याळ पाण्यात टिकत नाही.

वस्तुस्थिती: याला सगळ्यात चोख उत्तर सोव्हिएत रशियातून आलं. कामा नदीकाठच्या चिस्तोपोल गावातल्या व्होस्तोक कारखान्याने १९६७मध्ये अँफिबिया हे २०० मीटरचं घड्याळ काढलं. अतिसूक्ष्म यंत्रकाम महाग पडत होतं, म्हणून मिखाईल नोविकोव्ह आणि वेरा बेलोवा या अभियंत्यांनी पाण्याच्या दाबालाच कामाला लावलं. जाड अ‍ॅक्रिलिकची काच दाबाखाली किंचित दबते आणि केसमध्ये आणखी घट्ट बसते. मागच्या झाकणाची रुंद रबरी रिंगही दाब वाढेल तशी जास्त आवळली जाते. जितकं खोल जावं तितकं घड्याळ पक्कं बंद होतं. त्यामागे भारी धातू नव्हता, विचार होता. या घड्याळाच्या काही केस ४० मिलिमीटरच्या आसपासच्या आहेत.

कॅसिओचं ड्युरोही २०० मीटरचं. अमेरिकेत ते वर्षानुवर्षं शंभर डॉलरच्या आत मिळत आलं आहे. त्याचा दर्जा वादातीत आहे, पण व्यास ४४ आणि लग-टू-लग ४८ मिलिमीटरच्या वर. त्यामुळे सपाट भाग ४८च्या आत असलेल्यांनी केवळ स्वस्त म्हणून ते घेऊ नये.

गैरसमज ६: खरं घड्याळ म्हणजे ऑटोमॅटिक, सेलवर चालणारं दुय्यम.

वस्तुस्थिती: ऑटोमॅटिकची मजा वेगळी आहे, यात शंका नाही. पण त्यात हाताच्या हालचालीने फिरणारं वजन बसवावं लागतं आणि त्याने जाडी वाढते. लहान मनगटावर १३ मिलिमीटरची जाडी शर्टाच्या बाहीला अडते. अचूकतेचा हिशेब तर उघड आहे. सीकोच्या ४आर३६ या लोकप्रिय ऑटोमॅटिक यंत्राला दिवसाला ४५ सेकंद पुढे ते ३५ सेकंद मागे एवढी सूट आहे. ड्युरोच्या क्वार्ट्झ यंत्राला अख्ख्या महिन्यात वीस सेकंदांची.

उजेडावर चालणारं क्वार्ट्झ हा लहान मनगटासाठी फार चांगला पर्याय आहे, कारण दर दोन-तीन वर्षांनी सेल बदलायला मागचं झाकण उघडावं लागत नाही. जितकं कमी उघडाल तितकं घड्याळ पाण्यात विश्वासाचं राहतं. सिटिझनच्या प्रोमास्टर मालिकेत ३७ मिलिमीटरच्या आसपासचं, इको-ड्राइव्ह म्हणजे उजेडावर चालणारं, २०० मीटरचं डायव्हर घड्याळ आहे. ते आवर्जून हातावर घालून बघा.

गैरसमज ७: पट्टा बदलला की मोठं घड्याळही बसतं.

वस्तुस्थिती: पट्ट्याने आराम वाढतो, केस लहान होत नाही. नायलॉनचा नाटो पट्टा घड्याळाच्या खालून जातो, त्यामुळे घड्याळ आणखी उंच होतं. लहान मनगटावर त्याचं उरलेलं टोकही दोनदा दुमडावं लागतं. त्यापेक्षा मऊ रबरी पट्टा किंवा बकलकडे निमुळता होणारा स्टीलचा पट्टा बरा. लगमधलं अंतर २२ऐवजी २० मिलिमीटर असेल तर घड्याळ एकंदरीत नेटकं दिसतं.

आणि मोबाइलने मनगटाचा जवळून फोटो काढून निर्णय घेऊ नका. जवळून काढलेल्या फोटोत पुढची वस्तू फुगते आणि मागचा हात बारीक दिसतो. आरशापासून दोन-तीन पावलं मागे उभं राहा आणि हात सहज खाली सोडून बघा. लोक तुमचं घड्याळ तेवढ्याच अंतरावरून बघतात.

गैरसमज ८: एकदा पाणी शिरत नाही म्हटलं की कधीच शिरत नाही.

वस्तुस्थिती: रबरी रिंग झिजते, कडक होते. गरम पाणी, साबण आणि घाम तिचं आयुष्य कमी करतात. समुद्रातून आल्यावर घड्याळ गोड्या पाण्याने धुवा. पाण्यात किल्ली कधीही ओढू नका आणि उतरण्यापूर्वी ती पूर्ण आवळलेली आहे ना ते बघा. झाकण कशासाठीही उघडलं गेलं तर रिंग तपासून प्रेशर टेस्ट करून मागा. जुनं एसकेएक्स०१३ म्हणजे लहान मनगटवाल्यांचं लाडकं घड्याळ: ३८ मिलिमीटर व्यास, लग-टू-लग सुमारे ४४. पण आता ते फक्त जुन्या मालात मिळतं, आणि त्यातली बरीच घड्याळं सुटे भाग बदललेली असतात. तेव्हा टेस्टशिवाय त्याला पाण्यात नेऊ नये.

मग घ्यायचं काय?

आधी मनगटाचा सपाट भाग मोजा. लग-टू-लग त्याहून दोन-तीन मिलिमीटर कमी, व्यास ३७ ते ४०, जाडी शक्यतो १२ ते १३ मिलिमीटरच्या आत, हे आपलं माप. खरोखर स्कूबा करणार असाल तर 'डायव्हर्स २०० मीटर' आणि स्क्रूची किल्ली यांवर तडजोड नको. पाण्यात डायव्ह कॉम्प्युटरच मुख्य आणि घड्याळ सोबतीला, हेही लक्षात ठेवा. फक्त पोहणं, पावसाळा आणि रोजचा वापर असेल तर ३८ मिलिमीटरचं सीको ५ स्पोर्ट्स किंवा ४० मिलिमीटरचं नवं माको पुरेसं आहे. किमती बदलत राहतात, म्हणून अधिकृत विक्रेत्याकडे विचारा, वॉरंटी कार्डावर शिक्का घ्या आणि घड्याळ हातावर चढवूनच पैसे द्या. आणि कुणी म्हणालं की तुमच्या मनगटाला डायव्हर घड्याळ शोभत नाही, तर खुशाल दुसऱ्या दुकानात जा. तुमच्या मापाचं चांगलं घड्याळ बाजारात आहे.