संख्यांची नावे

नाशिकच्या परिसरात अनेक स्थळांच्या नावांत संख्या दडलेल्या आहेत. पाच वटवृक्षांवरून पंचवटी हे नाव पडले, असे परंपरा सांगते. वणीजवळील सप्तशृंग गडाच्या नावात सात शिखरे आहेत, तर त्र्यंबकेश्वर म्हणजे तीन नेत्रांचा ईश्वर. त्रि, पंच आणि सप्त हे संस्कृत शब्द होत. त्यांपासूनच मराठीतील तीन, पाच व सात हे शब्द आले. इंग्रजीतील थ्री, फाइव्ह आणि सेव्हन हेही त्याच प्राचीन भाषाकुळातील आहेत.

कूळ एक असले, तरी पुढील संख्यांची नावे घडविण्याची रीत निराळी आहे. सदतीस या शब्दात सात आधी आणि तीस नंतर येतात. इंग्रजीतील ‘थर्टी-सेव्हन’मध्ये तीस आधी येतात. अंकांतही आपण ३ आधी लिहितो. म्हणूनच सदतीस ऐकून एखादे लहान मूल ७३ लिहिते. ही अडचण दूर व्हावी, म्हणून २०१९ साली महाराष्ट्रातील दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी रीत देण्यात आली. काहींना ती सोपी वाटली. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले शब्द मागे पडतील, अशी चिंता इतरांनी व्यक्त केली.

या जुन्या शब्दांत अर्थ साठलेला आहे. ‘ऊन’ म्हणजे कमी. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. याउलट, इंग्रजीतील ‘इलेव्हन’चा मूळ अर्थ ‘दहा मोजून एक उरला’ आणि ‘ट्वेल्व्ह’चा ‘दोन उरले’ असा आहे. एका शब्दाने उणे मोजले, तर दुसऱ्याने उरलेले!

पाऊण या शब्दातही हाच ‘ऊन’ आहे: एकाला पाव कमी. लासलगावच्या बाजारात कांद्याचा भाव क्विंटलला पावणेदोन हजार रुपये पुकारला, तर तो १७५० रुपये होतो. त्याला २७५० समजणाऱ्या शेतकऱ्याचा हिशेब क्विंटलमागे हजार रुपयांनी चुकेल.

संख्यांची नावे नुसती घोकली, तर ती विसरतात आणि एकमेकांत मिसळतात. तीच नावे फोडून पाहिली, तर त्यांतील बेरीज-वजाबाकी स्पष्ट दिसते आणि मग ती सहसा विसरत नाहीत.