ढाबळ आणि चबुतरो

मराठीत चबुतरा म्हणजे दगडी ओटा. सुरतेत व्यवसायास आरंभ केला त्या वर्षी एका वृद्ध गुजराती रुग्णाने घराचा पत्ता ‘चबुतरानी सामे’ असा सांगितला आणि मी भर उन्हात तो ओटा शोधीत गल्लीबोळ हिंडलो. ओटा काही दिसेना. अखेर एका दुकानदाराने बोट वर केले. डोक्यावर, एका खांबाच्या टोकाशी, नक्षीदार छत्री होती आणि तिच्या कठड्यावर पारवे घुमत होते. गुजरातीतला चबुतरो तो हा!

पुढे अहमदाबादच्या पोळांतून असे पुष्कळ चबुतरे पाहिले. एकच खांब, वर बहुधा षट्कोनी वा अष्टकोनी मंच, सर्व बाजूंनी मोकळा, माथ्यावर घुमटी. मांजर चढू नये एवढी उंची. शिडी लावून माणूस वर जातो, दाणे टाकतो आणि उतरतो. पारवा येतो, दाणे टिपतो, उडून जातो. त्याने तेथे राहावे अशी कोणाची अपेक्षा नसते. वास्तू पक्ष्यांसाठी असूनही तिला भिंत नाही, ही गोष्ट त्या वेळी माझ्या ध्यानात आली नव्हती. ती आली फार उशिरा, आणि तीही इंग्लंडात.

लेक बेडफर्डला असते. तिच्याकडे गेलो असता तिने एका दुपारी जवळच्या विलिंग्टन गावी नेले. सोळाव्या शतकात सर जॉन गॉस्टविक या आठव्या हेन्रीच्या दरबारातील बड्या अधिकाऱ्याने तेथे आपली हवेली उभारली होती. १५४१ मध्ये राजा स्वतः तेथे येऊन गेला. आज हवेलीचा मागमूस नाही. उरल्या आहेत दोन आवारातल्या इमारती, घोड्यांची पागा आणि कबुतरांची ढाबळ. धन्याचे घर जावे आणि पारव्यांचे राहावे, याची गंमत वाटली.

ढाबळ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर लाकडी खोके येते. ही मात्र आपल्याकडील लहानशा देवळाहून मोठी, जाड दगडी भिंतींची. दर्शनी भिंतींचे माथे पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत गेलेले, छत टप्प्याटप्प्याचे, आणि त्या टप्प्यांमधील फटींतून पक्ष्यांना ये-जा करण्याची वाट. आत दोन दालने. खिडक्यांचा उजेड नाही. खालपासून वरपर्यंत भिंतींत ओळीने कोनाडे, सुमारे दीड हजार. एकेका कोनाड्यात एकेक जोडपे. वॉरिकशरमधील किनवॉर्टन येथे याहून जुनी, चौदाव्या शतकातील गोल ढाबळ आहे. तिच्या मध्यभागी फिरता खांब असून त्याला आडव्या दांड्यावर शिडी जोडलेली आहे. माणसाने शिडीवर बसायचे, गोल फिरत जायचे आणि कोनाड्यांतून पिल्ले काढायची. पिल्लू साधारण चार आठवड्यांचे, उडण्याच्या बेतात आले की स्वयंपाकघरात. विष्ठा खरवडून शेतात; पुढे बंदुकीच्या दारूसाठी लागणाऱ्या सोऱ्याकरिताही तिला मागणी आली. मध्ययुगात ढाबळ बांधण्याचा हक्क मोठ्या जमीनदारांचा आणि मठांचा. पारवे दाणा खाणार कुळांच्या शेतातला, आणि ताटात वाढले जाणार धन्याच्या! फ्रान्समध्ये हा विशेषाधिकार ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री इतर सरंजामी हक्कांबरोबर रद्द झाला, यावरून लोकांच्या मनात केवढा राग साठला असेल ते कळते.

अशा देशातून १६८९ मध्ये निघालेला जॉन ऑव्हिंग्टन हा पाद्री पुढे सुरतेत आला. आपल्या प्रवासवर्णनात त्याने येथील प्राण्यांच्या रुग्णालयाची नोंद केली आहे. ढेकूण-पिसवांनाही तेथे आश्रय होता आणि त्यांचे पोट भरावे म्हणून एखाद्या गरिबाला पैसे देऊन रात्री तेथे झोपवीत, असे तो लिहितो. आपल्या व्यवसायात रात्रपाळीची तक्रार करणाऱ्यांनी हे अवश्य ध्यानी ठेवावे.

विलिंग्टनच्या त्या अंधाऱ्या दालनात उभा असताना मला एकाएकी सुरतेतील एका काकू आठवल्या. मूळच्या खानदेशच्या. आठ महिने कोरडा खोकला, जिना चढताना दम. फुप्फुसाच्या सीटीवर हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसची चिन्हे होती. पारव्यांच्या पिसांवरील भुकटी आणि विष्ठेतील प्रथिने श्वासावाटे जाऊन होणाऱ्या या विकाराचे वर्णन १९६५ मध्ये अमेरिकेत कबुतरे पाळणाऱ्यांत झाले. काकू वीस वर्षे गॅलरीत दाणे टाकीत होत्या. मी ते थांबवायला सांगितले. “डॉक्टरसाहेब, पुण्य सोडायला सांगताय होय?” त्या म्हणाल्या, पण त्यांनी सोडले. स्टेरॉइड सुरू केले. तरी सुधारणा बेताचीच. औषधाचे प्रमाण वाढवून मी परदेशी निघून गेलो होतो.

परतल्यावर तिसऱ्या दिवशी बॅटरी घेऊन त्यांच्या घरी गेलो. न्हाणीघराची झडप उघडली आणि पाइपांच्या डक्टमध्ये उजेड टाकला. चारी बाजूंनी भिंत, अंधार, वरून येण्याची वाट, पाइपांच्या सांध्यांवर नि एसीच्या चौकटींवर घरटी, तळाशी वर्षानुवर्षांचा थर. दहा मजली ढाबळ! फरक एवढाच की गॉस्टविकची माणसे ती खरवडीत असत. गॅलरीत दाणे पडोत वा न पडोत, काकू रोज सकाळी याच झडपेखाली स्नान करीत होत्या. पहिल्याच दिवशी ‘घरात झडप कोठे उघडते?’ असा साधा प्रश्न मी विचारला नव्हता.

२०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय नोंदवहीत फुप्फुसाच्या आंतर-ऊतकाचे विकार असलेल्या १,०८४ रुग्णांपैकी ४७.३ टक्क्यांना हाच विकार होता. त्यांच्यापैकी जवळजवळ निम्म्यांच्या इतिहासात कूलर होता, हेही सांगितले पाहिजे. सारा दोष पारव्यांच्या माथी मारणे न्याय्य नव्हे. २०२५ मध्ये मुंबईतील कबुतरखान्यांचा वाद उच्च न्यायालयात गेला आणि दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला, तेव्हा दोन्ही बाजू तावातावाने बोलत होत्या. भर रहदारीत, माणसांच्या नाकाशी हजारो पारवे जमविणे मलाही मान्य नाही. परंतु त्या वादात डक्टचे नाव मी एकदाही ऐकले नाही.

काकूंच्या इमारतीतील डक्ट पाणी मारून, मास्क लावून, दोन दिवस खपून साफ केला. वर जाळी बसविली, पण अंडी-पिल्ले असलेली तीन घरटी रिकामी होईपर्यंत काकूंनी ती बसवू दिली नाही. तोवर त्या भावाकडे राहिल्या. खोकला गेला. फुप्फुसात पडलेले व्रण मात्र तसेच आहेत आणि तिसऱ्या मजल्यावर त्या आता लिफ्टनेच जातात. दर एकादशीला त्यांचा नातू दोन किलो ज्वारी घेऊन जुन्या शहरातील एका चबुतऱ्यापाशी जातो. शिडीवर तो चढतो. काकू रस्त्याच्या पलीकडे, रिक्षात बसून पाहतात.