गरोदरपणात परदेशवारी? आठवडे परतीच्या दिवसाचे मोजा

मोपा विमानतळ २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून बांदेकरांना विमान जवळ आले. मात्र डोहाळजेवणानंतर छोटी परदेशवारी ठरवताना गणित परतीच्या तारखेवरून करावे.

अनेक विमान कंपन्या २८ ते ३२ आठवड्यांनंतर डॉक्टरांचे प्रमाणपत्र मागतात आणि ३६ आठवड्यांनंतर सहसा प्रवास नाकारतात. जुळे असल्यास मुदत आणखी कमी. ३५ आठवडे पूर्ण झाल्यावर निघून दहा दिवस राहिल्यास येतानाच अडकण्याची वेळ येते.

साध्या प्रवास विम्यात बाळंतपणाचा आणि नवजात बाळाच्या उपचारांचा खर्च बहुधा नसतो. बाळ तिकडे जन्मल्यास त्याची प्रवासाची कागदपत्रे होईपर्यंत थांबावे लागते.

रक्तस्राव किंवा वाढलेला रक्तदाब असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिकीट काढू नये. तपासणीची फाइल हातातल्या बॅगेतच ठेवावी.