लॅक्रॉसमधील कवच आणि पंचाची नजर

ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अधिवेशन मुंबईत भरले होते. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेटला स्थान मिळाल्याची बातमी तिथूनच निघाली, आणि आपल्याकडील वर्तमानपत्रांचे रकाने साहजिकच तिनेच भरून गेले. त्याच ठरावात आणखीही काही खेळांची नावे होती. त्यांपैकी एक लॅक्रॉस. १९०४ आणि १९०८ च्या ऑलिंपिकमध्ये खेळला गेलेला हा खेळ एवढ्या काळाने परत येत आहे. या खेळाचा आपल्याशी संबंध तो काय, असे कोणी विचारील. खेळाशी संबंध थोडाच आहे हे खरे. पण तो मुलांना खेळू देताना अमेरिकेतील लोकांपुढे जो प्रश्न उभा राहिला, तो मात्र आपल्या ओळखीचा आहे. मुलांच्या रक्षणासाठी नियम करणे सोपे असते. तो पाळला जातो की नाही, हे पाहायचे कोणी आणि कसे?

लॅक्रॉस मूळचा उत्तर अमेरिकेतील आदिवासी जमातींचा. हौडेनोसौनी, ज्यांना युरोपियनांनी इरोक्वा म्हटले, त्यांच्यात त्याला आजही धार्मिक महत्त्व आहे. मॉन्ट्रियलचे दंतवैद्य जॉर्ज बिअर्स यांनी १८६० नंतरच्या दशकात त्याचे नियम लिहून काढले आणि लाकडी किंवा कातडी चेंडूच्या जागी रबराचा चेंडू आला. एका दंतवैद्याने हा खेळ नियमबद्ध करावा आणि पुढे त्यातील निम्मी भांडणे दातांच्या कवचावरून व्हावीत, हा एक गमतीचा योगायोग आहे.

खेळाडूच्या हातात काठी असते आणि काठीच्या टोकाला जाळीची लहानशी झोळी. चेंडू झोळीत झेलायचा, पळायचे आणि काठी झटकून तो गोलात मारायचा. चेंडू भरीव रबराचा, वजनाने १४२ ते १४९ ग्रॅम. म्हणजे आपल्या क्रिकेटच्या चेंडूपेक्षा थोडा हलका आणि थोडा लहान. अव्वल प्रौढ खेळाडूंचा फटका ताशी १६० किलोमीटरच्याही पुढे जातो. मुलांचा वेग अर्थातच कमी; पण पुढे आपण पाहू की कमी वेग म्हणजे कमी धोका, असे गणित येथे नेहमीच बसत नाही. त्यातच मुलांच्या खेळात बचाव करणाऱ्याजवळ सहा फुटांपर्यंत लांब काठी असू शकते आणि प्रतिस्पर्ध्याच्या काठीवर व हातमोज्यावर प्रहार करण्याची मुभा असते. खांद्याने धक्का देण्याचीही परवानगी असते. लहान वयोगटांत तिला कात्री लावलेली आहे.

म्हणून मुलांना हेल्मेट, त्याला लोखंडी जाळी, हनुवटीचा पट्टा, दातांचे कवच, हातमोजे, खांद्यांचे आणि कोपरांचे पॅड हे सारे सक्तीचे आहे. मुलींचा खेळ निराळा. त्यात अंगाला अंग भिडवणे निषिद्ध असल्यामुळे मैदानावरील मुलीला सक्ती आहे ती डोळ्यांच्या जाळीदार चष्म्याची व दातांच्या कवचाची. गोलरक्षक मात्र मुलगा असो वा मुलगी, डोक्यापासून छातीपर्यंत झाकलेला असतो.

आता हा नियम अंमलात येतो कसा? याची एक साखळी आहे. साखळीच्या वरच्या टोकाला नॉक्सी या आद्याक्षरी नावाने ओळखली जाणारी संस्था आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये डोक्याला मार बसून मुले दगावू लागली, तेव्हा १९६९ मध्ये ती स्थापन झाली. ही संस्था मानके लिहिते. सक्ती करण्याचा अधिकार तिला नाही. कारखानदार त्या मानकाप्रमाणे वस्तू करतो, स्वतंत्र संस्था ती तपासून प्रमाणित करते आणि वस्तूवर खूण उमटते. मग शालेय खेळांचा राष्ट्रीय महासंघ किंवा यूएसए लॅक्रॉस ही संस्था आपल्या नियमपुस्तकात लिहिते की अमुक खूण असलेलेच साधन चालेल. येथवर सारे कागदावर आहे. कागद आणि मुलाचे अंग यांच्यामध्ये उभी राहतात ती दोनच माणसे: प्रशिक्षक आणि पंच.

शालेय सामन्याआधी मुख्य प्रशिक्षकाने पंचांना सांगावे लागते की आमचे सर्व खेळाडू नियमाप्रमाणे सज्ज आहेत. कोणते साधन बेकायदा ठरते हे त्यांना समजावले आहे. आणि खेळता खेळता एखादे साधन बिघडले तर त्यांनी मला सांगायचे आहे. ही केवळ औपचारिकता आहे, असे प्रथमदर्शनी वाटते. आमच्या मते ती तशी नाही. पंच काही वीस-पंचवीस मुलांचे सदरे उचलून पाहू शकत नाही. मुलाचा सराव रोज पाहणारा माणूस प्रशिक्षक आहे, म्हणून जबाबदारीचे ओझे त्याच्या शब्दावर टाकले आहे. उद्या अपघात झालाच, तर तो शब्द त्याला आठवून देता येतो.

पंचाच्या वाट्याला उरते ते दिसणारे. आणि येथे नियम करणाऱ्यांनी जी युक्ती योजली, तिचे आम्हांला फार कौतुक वाटते. दातांचे कवच तोंडात आहे की नाही, हे तीस पावलांवरून कसे कळावे? नियम सांगतो की ते ठळक रंगाचे असले पाहिजे. पांढरे किंवा पारदर्शक चालणार नाही. एवढ्यावर नियम थांबत नाही. त्यावर पांढऱ्या दातांचे चित्रही असता कामा नये! हे कलम वाचल्यावर ज्याने कधी वर्गात मुले सांभाळली आहेत त्याला ते कशामुळे लिहावे लागले असेल हे वेगळे सांगायला नको. पिवळे किंवा निळे कवच असेल तर मुलाने तोंड उघडताच पंचाला कळते. म्हणजे नियम करतानाच तो मोडल्याचे दिसेल अशी व्यवस्था केली. हेल्मेटचा पट्टाही असाच: चार टोकांनी तो अडकवायचा असतो आणि एक जरी टोक लोंबत असले तरी दुरून दिसते.

जे दिसत नाही तिथे मात्र मुले आपली कला दाखवितात. हातमोज्याचा तळवा कापून टाकला की काठी बोटांना नीट जाणवते. खांद्याच्या पॅडमधील स्पंज काढला की हात मोकळा फिरतो. कोपराचा पॅड घसरून मनगटावर आला तरी वर कोणी ओढत नाही. यात दुष्टपणा नाही. चौदा वर्षांच्या मुलाला आपण मरू असे वाटतच नाही. पुढचा गोल चुकेल असे मात्र नक्की वाटते. मोठ्यांचेही निराळे काय आहे? दुचाकीवरील हेल्मेटचे कलम १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात आहे. तरी जानेवारी २०१९ मध्ये पुण्यात पोलिसांनी सक्तीला सुरुवात करताच तिच्याविरुद्ध मोर्चा निघाला. मोर्च्यातील मंडळी काही चौदा वर्षांची नव्हती.

पंचाची अडचण आणखी एक आहे. शिक्षा फार कडक असली की पंच ती देतच नाही. दहा वर्षांच्या मुलाचे कवच खिशात राहिले म्हणून त्याला सामन्यातून काढायचे, आईबाप कडेला उभे, संघ आधीच अपुरा. अशा वेळी भल्या पंचाचीही नजर दुसरीकडे वळते. म्हणून लहान वयात शिक्षा सौम्य आणि ताबडतोब असावी, हे आम्हांला अधिक पटते: चेंडू दुसऱ्या पक्षाकडे द्या, मुलाला थोडा वेळ बाहेर बसवा, कवच घालून परत येऊ द्या. अशी शिट्टी पंच दहा वेळा वाजवू शकतो. तिसऱ्या शिट्टीला संघातील इतर मुलेच त्या मुलावर खेकसतात आणि मग पंचाचे काम संपते. उलट, फाटलेले हेल्मेट किंवा जाळी तुटलेला चष्मा असेल तर तिथे सौम्यपणाला जागा नाही. ते साधन बदलेपर्यंत मूल मैदानात येता कामा नये.

आता सर्वांत गंभीर भागाकडे वळू. मार्च २००४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाचा एक खेळाडू छातीवर चेंडू लागून मैदानातच मरण पावला. असे मृत्यू डॉक्टरांना पूर्वीपासून ठाऊक होते. त्यांना कमोशिओ कॉर्डिस म्हणतात. यात बरगडी मोडत नाही, हृदय फाटत नाही, आतडेकातडे सारे धड असते. मग माणूस मरतो कसा? हृदयाचा प्रत्येक ठोका विजेच्या एका लाटेने चालतो. ठोका पडून गेल्यावर हृदयाचा स्नायू पुढच्या ठोक्यासाठी पुन्हा सज्ज होत असतो. त्या सज्जतेच्या काळात एक अत्यंत लहान फट असते. बॉस्टनमधील मार्क लिंक आणि त्यांचे सहकारी यांनी भूल दिलेल्या लहान डुकरांवर प्रयोग करून १९९८ मध्ये ती मोजून दाखवली: हृदयालेखातील टी लाटेच्या शिखराच्या आधीचे १५ ते ३० सहस्रांश सेकंद. त्या क्षणी हृदयाच्या नेमक्या वर आघात झाला, तर हृदय लयीत आकुंचन पावायचे सोडून नुसते थरथरत राहते आणि रक्त पुढे जात नाही. प्रयोगातील आघाताचा वेग ताशी अवघा ४८ किलोमीटर होता. हा वेग एखादा शाळकरी मुलगा सहज देतो. शिवाय कोवळ्या वयात छातीचा पिंजरा लवचिक असल्याने आघात आतवर पोचतो. म्हणून बळी मुख्यतः कुमारवयीन मुलेच ठरतात.

मग छातीचे पॅड काय करीत होते? याचे उत्तर अस्वस्थ करणारे निघाले. बाजारात मिळणारी बेसबॉल व लॅक्रॉसची छातीकवचे घेऊन २००६ मध्ये याच धर्तीचे प्रयोग झाले, तेव्हा त्यांपैकी एकही भरवशाचे ठरले नाही. जे पॅड मुले नियमाप्रमाणे, प्रामाणिकपणे घालीत होती, ते खरचटण्यापासून वाचवीत होते, मरणापासून नव्हे. म्हणजे कित्येक वर्षे नियमाची अंमलबजावणी चोख झाली असती तरी या धोक्यापुरती ती निष्फळच ठरली असती.

त्यानंतर नॉक्सीने एनडी २०० हे नवे मानक केले. शालेय मुलांच्या खेळात १ जानेवारी २०२१ पासून गोलरक्षकांना आणि १ जानेवारी २०२२ पासून मैदानावरील खेळाडूंनाही त्या मानकाचे कवच सक्तीचे झाले. नियम योग्य होता, याविषयी आम्हांला शंका नाही. पण त्याचा परिणाम असा की एका रात्रीत हजारो घरांतले धडधाकट पॅड बाद ठरले. थोरल्या भावाचे धाकट्याने वापरायचे ही रीत अमेरिकेतही आहे आणि हा खेळ मुळात खर्चाचा आहे. सधन वस्तीत नवा संच आला. गरीब वस्तीतील संघाने काय करावे? शिवाय ही खूण पॅडवर असते आणि पॅड सदऱ्याच्या आत. दातांच्या कवचासारखी ती पंचाला दिसत नाही. त्यामुळे हंगामाच्या आरंभी साहित्य वाटताना किंवा नावनोंदणीच्या दिवशी प्रत्येक पॅड उलटून खूण पाहणे हाच खरा उपाय, आणि ते काम प्रशिक्षकाचे व मंडळाचे. संस्थेने साहित्य विकत घेऊन हंगामापुरते मुलांना द्यावे, हे सक्तीइतकेच आवश्यक आहे. ज्याला घेता येत नाही त्याला दंड करणे, ही अंमलबजावणी नव्हे.

आणि कवच असले तरी मैदानाजवळ डिफिब्रिलेटर हवाच. हृदय थरथरू लागल्यावर विजेचा धक्का मिळण्यास जितकी मिनिटे उशीर होतो, त्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता सुमारे सात ते दहा टक्क्यांनी घटते.

मुलींच्या बाबतीत वाद उलट दिशेने चालला आहे. चष्म्याची सक्ती २००४-०५ च्या हंगामापासून झाली, तेव्हाही जुन्या खेळाडूंनी नाके मुरडली होती. पुढे डोळ्यांच्या दुखापती लक्षणीय घटल्या आणि तो वाद मिटला. हेल्मेटचे तसे झाले नाही. मुलींना मऊ शिरस्त्राण द्यावे, तर त्या अधिक बेधडक खेळतील आणि खेळाचे रूपच पालटेल, असे अनेक प्रशिक्षकांचे म्हणणे. हे भय अगदीच पोकळ नाही. कवच चढले की माणसाचे धाडस वाढते. तरी फ्लोरिडा राज्याने २०१५ मध्ये शालेय मुलींना ते सक्तीचे केलेच. राष्ट्रीय नियमांनी मात्र मधला मार्ग धरला: २०१७ पासून वापर ऐच्छिक, पण वापरायचे तर मुलींच्या खेळासाठी आखलेल्या मानकाचेच. पुढे संशोधकांनी सक्ती असलेल्या आणि नसलेल्या शाळांची तुलना केली, तेव्हा सक्ती नसलेल्या शाळांत मेंदूला हादरा बसण्याचे प्रमाण अधिक आढळले. त्या आकड्यांपुढे खेळाचे रूप पालटेल हा आक्षेप कितपत टिकतो, याचा निकाल आता एकेक राज्य आपापल्या मैदानावर लावीत आहे.